बाहेरची कडी

संस्थेच्या नऊ इमारतींमध्ये सुताराला सगळे 'खिळा' म्हणायचे. हे नाव काही कुणी प्रेमानं ठेवलेलं नव्हतं. माणूस तोंड उघडायचा तो टोचण्यासाठीच. दार अडतंय म्हणून कुणी बोलावलं, की आधी दाराकडे बघायचा, मग घरातल्या बाईकडे, आणि म्हणायचा, "दाराला काही झालेलं नाही. तुम्ही रोज त्याच्यावर ओले टॉवेल टाकता, ते फुगलंय. उद्या कुणी तुमच्या डोक्यावर ओला टॉवेल बांधला तर तुम्हीही फुगाल." पण काम असं करायचा की बोट ठेवायला जागा नसायची. म्हणून लोक त्याला शिव्याही द्यायचे आणि पुन्हा त्यालाच बोलवायचे.

संस्था लहान लहान घरं भाड्यानं द्यायची. एकटीदुकटी म्हातारी माणसं, आजारी माणसं, ज्यांना दुसरं कुणी घर देत नाही अशी माणसं तिथं राहायची. पहिल्या इमारतीच्या तळघरात सुताराची खोली होती. लाकडाचा भुसा, सरसाचा वास, भिंतीवर मापानुसार टांगलेल्या पटाश्या. सव्वीस वर्षं त्या खोलीत काढून त्याला प्रत्येक दाराची बिजागरी ओळखीची झाली होती. माणसांशी तेवढी ओळख ठेवायची त्याला गरज वाटली नव्हती.

त्या सोमवारी दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांमध्ये एक चिठ्ठी होती : इमारत पाच, दुसरा मजला. आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी आणि कोयंडा बसवणे. खाली अधीक्षक साहेबांची सही. भाडेकरूचं नाव वाचून सुतारानं चिठ्ठी पुन्हा वाचली.

हा भाडेकरू म्हणजे बाळ. वय बेचाळीस, दारातून जाताना मान वाकवावी लागेल एवढी उंची, पण आई 'बाळ' म्हणायची म्हणून अख्खी इमारत बाळ म्हणायची. शरीर वाढलं होतं, समज सात-आठ वर्षांच्या पोराएवढीच राहिली होती. आई शहाणी होती. जाण्याआधी तिनं घर बाळच्या नावावर करून घेतलं होतं. ती गेल्यावर थोरला मुलगा बायकोला घेऊन तिथं राहायला आला. बाळला सांभाळायला, असं तो सगळ्यांना सांगायचा.

सुतार हत्यारांची पेटी घेऊन गेला. दार वहिनीनं उघडलं. थोरला भाऊ कामावर निघायच्या घाईत बूट घालत होता.

"आलात? त्या खोलीला. जाड कडी लावा, साधी नको. अंगात ताकद आहे त्याच्या."

"खोलीत काय ठेवणार आहात?"

"काय म्हणजे? सामान."

आतल्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची, आणि खुर्चीवर बाळ. मांडीवर बटणांचा डबा घेऊन तो रंगांप्रमाणे बटणं लावत होता. त्यानं वर बघून विचारलं, "दादा, हे काका कशाला आले?"

"सामान बोलतं की हो तुमचं," सुतार म्हणाला.

थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हे बघा, तुमचं काम स्क्रू फिरवायचं. ऑफिसनं मंजूर केलंय ना?"

"केलंय. पण घर याच्या नावावर आहे. म्हणजे चिठ्ठीप्रमाणे यानंच स्वतःला कोंडून घ्यायची मागणी केलीय. काय रे बाळ, तू मागितलीस का कडी?"

बाळनं भावाकडे बघितलं. उत्तर काय द्यायचं ते तिथं लिहिलेलं असतं अशा नजरेनं.

"चालते व्हा," थोरला म्हणाला. सुतार चालता झाला.

दुपारी अधीक्षक साहेबांनी त्याला बोलावलं. साहेबांचं टेबल नेहमी रिकामं असायचं. कागद आला की ते सही करून पुढं ढकलायचे, आणि याच गुणावर ते या खुर्चीपर्यंत पोचले होते.

"तुम्ही काम नाकारलंत म्हणे."

"जिवंत माणसाला बाहेरून कडी लावत नाही मी."

"कुटुंबाचा आतला मामला आहे तो. भाडेकरू आपल्या घरात काय करतो यात संस्था नाक खुपसत नाही."

"कडी भाडेकरू मागत नाहीय, साहेब. भाडेकरूला कडी लागतेय."

"शब्दांचे खेळ नकोत. तुम्ही सुतार आहात की समाजसुधारक?"

"सुतार आहे. म्हणून तर कडी कुठल्या बाजूनं लागते ते मला कळतं."

साहेबांनी चिठ्ठीवर 'कर्मचाऱ्याचा नकार, समज द्यावी' असं लिहिलं आणि तो कागदही पुढं ढकलला.

सुतार त्या दिवशी एवढा का अडला, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. घरी बायकोलाही नाही. अकरा वर्षांपूर्वी सातव्या इमारतीत त्यानं अशीच एक कडी लावली होती. तिथली बाई गोड बोलायची. आई भ्रमिष्ट झालीय, उठून कुठंही जाते, म्हणाली. त्यानं दहा मिनिटांत कडी लावली, तिनं दिलेला चहाही घेतला. दीड वर्षानं पुन्हा त्याच घरात बोलावणं आलं. म्हातारी गेली होती, खोलीला रंग द्यायचा होता, त्याआधी दार साफ करून हवं होतं. दाराच्या आतल्या बाजूला, बसलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, लाकूड ओरबाडलेलं होतं. एके ठिकाणी तर बोटभर खोल. सुतारानं काही विचारलं नाही. रंधा मारला, भोकं बुजवली, दार गुळगुळीत करून दिलं. काम चांगलं झालं होतं. त्या बाईनं तसं म्हटलंही होतं.

थोरल्या भावानं कडी बाजारातून आणली आणि स्वतःच लावली. सुताराला ते तीन आठवड्यांनी कळलं. तो शेजारच्या आजींच्या खिडकीला काच बसवायला गेला होता. भिंतीपलीकडून ठोकल्याचा आवाज आला. थोडा वेळ ठोकणं, थोडा वेळ शांतता, पुन्हा ठोकणं.

"हे कधीपासून?"

"दोघं सकाळी कामाला जातात तेव्हापासून," आजी म्हणाल्या. "दुपारी दमतो आणि थांबतो. रोजचंच आहे."

"रोजचंच? आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"मी बोलायचं आणि उद्या त्यांनी माझ्याशी भांडण काढायचं. मला या वयात नको बाबा. आणि हे बघ, माझं नाव कुठं घेऊ नकोस."

"तुमचं नाव मला ठाऊकही नाही," सुतार म्हणाला. काच तशीच भिंतीला टेकवून तो ऑफिसात आला.

ऑफिसात प्रत्येक घराची एकेक जादा किल्ली होती. पाणी फुटलं, गॅस सुटला, आग लागली किंवा कुणाच्या जिवाला धोका असला, तरच भाडेकरूला न विचारता ती वापरायची असा नियम होता, आणि किल्ली घेताना वहीत कारण लिहायचं. सुताराचं अक्षर वाईट होतं. त्यानं एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं : 'आत माणूस कोंडलेला आहे.' नोंदणीच्या बाई नव्यानं लागल्या होत्या, चार महिनेच झाले होते. त्यांनी ते वाचलं, सुताराकडे बघितलं आणि किल्ली पुढं सरकवली.

आतल्या दाराला कडी होती, कोयंड्यात कुलूप होतं. कुलूप फोडायची गरज नव्हती. थोरल्याला सुतारकाम येत नव्हतं, स्क्रू बाहेरच ठेवले होते. सुतारानं चारही स्क्रू काढले आणि कडी, कोयंडा, कुलूप अख्खं एका हातात उतरलं.

खोलीत कोंदट वास होता. कोपऱ्यात बादली. खिडकीची मूठ काढून टाकलेली. बाळ जमिनीवर बसला होता, पँट ओली होती, दोन्ही हातांच्या मुठी लाल झाल्या होत्या. सुताराला बघून त्याला आनंद झाला असेल असं कुणाला वाटेल. पण त्याच्या चेहऱ्यावर भीती होती.

"तू काय केलंस? लाव परत! दादा रागावेल. लाव!"

"नाही लावणार."

"दादा म्हणतो, मी आत असलो की तो रागावत नाही. लाव ना, काका!"

त्यानं ती कडी सुताराच्या हातातून ओढायला बघितलं. अंगात खरंच ताकद होती. सुताराचा अंगठा मुरगळला, पण त्यानं कडी सोडली नाही. शेवटी बाळ रडत पलंगावर जाऊन बसला. सुतारानं त्याला कोरडी पँट शोधून दिली, पाण्याचा पेला दिला आणि स्वतः उघड्या दाराच्या चौकटीत पेटीवर बसून राहिला. समजूत कशी घालायची हे त्याला येत नव्हतं. काम सोडून तीन तास एका जागी बसणं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

साडेपाचला दोघं आले. थोरल्यानं सुताराला कॉलर धरून उठवलं. "कुणी आत घेतलं तुला? चोर आहेस का?"

"चोर असतो तर काहीतरी घेऊन गेलो असतो. मी तुमची कडी राखत बसलोय."

थोरल्यानं त्याला ढकललं. चौकटीवर आपटून सुताराचा ओठ फुटला. मागून बाळ ओरडत होता, "दादा, मी नाही केलं! यानं केलं! हा वाईट आहे!"

वहिनी मध्ये पडली, पण सुताराची बाजू घ्यायला नव्हे. "तुम्ही एक दिवस सांभाळून दाखवा त्याला! गॅस चालू ठेवून बाहेर गेला होता. एकदा नाही, दोनदा. एकदा भर रस्त्यात गाड्यांच्या मध्ये उभा होता. आम्ही दोघांनी नोकऱ्या सोडायच्या? मग खायचं काय?"

"मदत मागायची."

"कुणाकडे? तुमच्या ऑफिसकडे? दोन अर्ज केलेत मी. दोन! मदतीच्या अर्जाला उत्तर नाही, आणि कडीचा अर्ज दुसऱ्या दिवशी मंजूर! आता आम्हाला शहाणपण शिकवायला कोण आलं, तर सुतार!"

सुतार फुटलेला ओठ दाबत जिना उतरला.

थोरल्यानं त्याच संध्याकाळी तक्रार दिली. परवानगीशिवाय घरात घुसणे, मोडतोड, धमकी. साहेबांनी सुताराला कामावरून बाजूला केलं आणि चौकशी लावली. घरी बायकोनं फुटलेला ओठ पुसताना दया दाखवली नाही.

"आ बैल मला मार! सव्वीस वर्षांत कुणाशी दोन शब्द गोड बोलला नाहीस, आणि आता अचानक माया सुटली?"

"माया नाही सुटली."

"मग काय सुटलं?"

तिनं कापूस बशीत टाकला. "आपलंच घर संस्थेचं आहे, हे तरी लक्षात होतं का?"

ते लक्षात होतं. म्हणून तर त्याला त्या आठवड्यात झोप लागली नाही.

चौकशी ऑफिसच्या लांब टेबलावर झाली. एका टोकाला संस्थेचे अध्यक्ष, कमी ऐकू येणारे आणि त्याहून कमी बोलणारे गृहस्थ. शेजारी साहेब. नोंद घ्यायला नोंदणीच्या बाई. समोर सुतार, आणि भिंतीकडच्या खुर्च्यांवर थोरला भाऊ आणि वहिनी.

साहेबांनी नियम वाचून दाखवले. सुतारानं सगळं कबूल केलं. घुसलो, कडी काढली, उलट बोललो.

"धोका कसला होता?" साहेबांनी विचारलं. "आग होती? पाणी होतं?"

"आग लागली असती तर तो बाहेर कसा आला असता?"

"लागली नव्हती ना?"

"तुमच्या मते आधी लागायला हवी."

अध्यक्षांनी हात वर केला. "तुम्हाला एवढं काय पडलंय यात?" त्यांनी खरंच कळत नसल्यासारखं विचारलं.

सुतारानं टेबलाकडे बघितलं. कडेचं लाकूड उखडलेलं होतं, दुरुस्तीला आलेलं. "अकरा वर्षांपूर्वी सात नंबरमध्ये मी अशी एक लावलीय," तो म्हणाला. "म्हातारी दीड वर्ष आत होती. तिच्या नखांच्या खुणा मीच रंधा मारून काढल्या. त्याही चिठ्ठीवर यांचीच सही होती."

साहेब एकदम उठले. "काहीतरी बरळतोय हा! या गोष्टीचा आजच्या विषयाशी काय संबंध?"

"संबंध आहे," नोंदणीच्या बाई म्हणाल्या. नोंद घेणाऱ्या माणसानं बोलायचं नसतं, त्यामुळे सगळ्यांनी मान वळवली. त्यांच्या मांडीवर एक जुनी फाइल होती. "ही पाच नंबरची. यात बाळच्या आईचं पत्र आहे, जाण्याआधी चार महिन्यांचं. 'माझ्यामागं त्याच्याकडे कुणीतरी अधूनमधून बघत जा, थोरल्याला एकट्याला ते झेपणार नाही.' मग वहिनींचे दोन अर्ज. दिवसा कुणी सांभाळायला मिळेल का, अशी सोय कुठं असते. तिन्हींवर एकच शेरा आहे. 'फाइल करा.' "

"आणि कडीच्या अर्जावर?" अध्यक्षांनी कानाला हात लावून विचारलं.

" 'मंजूर.' एका दिवसात."

वहिनी खुर्चीत पुढं वाकून रडायला लागली. थोरला भाऊ तिच्याकडे न बघता म्हणाला, "बघा. बघा म्हणजे. आणि गुन्हेगार आम्ही." त्याच्या आवाजात विजय होता. पण तो टिकला नाही, कारण अध्यक्षांनी त्याच्याकडे वळून फक्त एवढंच विचारलं, "बादली किती वेळानं रिकामी करत होता?"



निकाल असा लागला, की त्यानं कुणाचंच समाधान झालं नाही. सुताराला नियम मोडल्याबद्दल आणि उद्धट भाषेबद्दल लेखी ताकीद मिळाली. पाच नंबरमध्ये त्यानं पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. संस्थेनं समाजकल्याण खात्याला कळवलं. तिथून दोन बायका आल्या, बाळशी तासभर बोलल्या आणि त्याला त्या घरात तसं ठेवायचं नाही म्हणाल्या. बाळचा भाडेकरूचा हक्क कायम ठेवून त्याला तिसऱ्या इमारतीत तळमजल्यावर खोली दिली. तिथं सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस बाई येणार, आणि मधल्या वेळात तो अशा माणसांना दिवसा सांभाळणाऱ्या कोपऱ्यावरच्या केंद्रात जाणार. थोरल्याच्या नावावर काहीच नव्हतं. महिन्याभरात त्याला आणि वहिनीला घर सोडावं लागलं. ती दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठंतरी गेली.

साहेबांना काही झालं नाही. उलट त्यांनी सगळ्या इमारतींत परिपत्रक लावलं : 'कोणत्याही खोलीस बाहेरून कडी बसवण्याची मागणी आल्यास प्रथम घरी जाऊन चौकशी केली जाईल. भाडेकरूंच्या सुरक्षिततेस संस्था कटिबद्ध आहे.' खाली ठळक सही. ते परिपत्रक लावायचे फलक सुतारानंच बनवले. नऊ इमारती, नऊ फलक. पाच नंबरचा दुसऱ्यानं नेऊन ठोकला.

पाच नंबरच्या लोकांनी सुताराशी बोलणं टाकलं. भाऊ-भावजयीला बेघर केलं, हसतंखेळतं घर मोडलं, असं तिथल्या जिन्यात ऐकू यायचं. शेजारच्या आजी सगळ्यांत पुढं होत्या. बायको म्हणाली, "मिळालं समाधान?" त्यानं खांदे उडवले. समाधान मिळालं नव्हतं हे तिला दिसतच होतं. पण त्या दिवसापासून तिनं तो विषय काढला नाही. एकदा शेजारीण दारात येऊन खिळ्याबद्दल काही बोलायला लागली, तेव्हा तिनं बाईला दारातूनच परत पाठवलं.

दोन महिन्यांनी चिठ्ठी आली : इमारत तीन, तळमजला, फळी बसवणे. सुतारानं दार वाजवलं आणि बाहेर थांबला. आतून कडी निघाल्याचा आवाज झाला. बाळनं दार उघडलं, त्याला ओळखलं आणि चेहरा पाडला.

"तू वाईट आहेस."

"असेन. फळी कुठं लावायची?"

"तू दादाला घालवलंस. दादा फक्त रविवारी येतो. मागच्या रविवारी आलाच नाही."

"मी नाही आणू शकत तुझ्या दादाला."

"मग जा."

"फळी लावून जातो."

बाळ पलंगावर पाठ करून बसला. सुतारानं भिंतीवर खुणा केल्या, भोकं पाडली, ब्रॅकेट बसवले, फळी ठेवून तिचा तोल बघितला. शेवटी झाडून घेताना मागून आवाज आला.

"खूप वर आहे."

"तू एवढा ताडमाड, तुला कसली वर?"

"बसून दिसत नाही. मी बसतो ना तिथून."

सुतार पलंगाजवळ जाऊन त्याच्या शेजारी बसला आणि तिथून बघितलं. खरंच दिसत नव्हतं. उठून त्यानं स्क्रू काढले, भोकं बुजवली आणि फळी वीतभर खाली घेतली.

"आता?"

बाळनं बसल्या जागेवरून फळीकडे बघितलं. सुतार पेटी उचलून बाहेर पडला तसं त्याच्या मागं दार धाडकन आपटलं आणि आतून कडी लागली. तो क्षणभर तिथं थांबला, चौकटीवरून हात फिरवला. दार जरा अडत होतं. मग त्यानं खिशातून पुढची चिठ्ठी काढली. चार नंबर, स्वयंपाकघर, कपाटाचं दार निखळलंय. आणि तो चार नंबरच्या वाटेला लागला.